वस्ती नाही

१

जाळीच्या कारखान्यात दिवसभर बोलावं लागत नाही, हे त्या कामाचं सर्वांत मोठं सुख. यंत्राच्या एका तोंडातून तार आत जाते, दुसऱ्या तोंडातून विणलेली जाळी बाहेर पडते, आणि मध्ये एवढा खडखडाट असतो की शेजारच्याला हाक मारायची तर त्याच्या खांद्याला हात लावावा लागतो. त्याला हे मानवलं होतं. आठवीतून शाळा सुटल्यापासून अकरा वर्षं तो जाळीची टोकं पिळून गुंडाळ्या बांधत होता. स्वभाव मुळातच बुजरा. कोणी डोळ्यांत बघून दोन प्रश्न विचारले की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि येत असलेलं उत्तरही घशात अडकायचं. ताई त्याला मुक्या म्हणायची. रविवारच्या मंडळात तो जाळीवाला होता.

मंडळ म्हणजे वाचनालयाच्या माडीवर दुपारी जमणारी चार माणसं. एक कॉलेजातले प्राध्यापक, एक वकीलबाई, एक घड्याळं दुरुस्त करणारे काका आणि चौथा हा. ही चौघं मिळून एक जग रचत होती. ते जग बरंचसं आपल्यासारखंच होतं. फक्त त्यात एक मोठं युद्ध सात वर्षं उशिरा संपलं होतं, आणि त्या सात वर्षांमुळे पुढचं सगळं वेगळं घडलं होतं. सरहद्दी वेगळ्या, सरकारं वेगळी, रेल्वेचे फाटेसुद्धा वेगळे. भिंतीवर त्या जगाचा नकाशा होता आणि कपाटात त्या जगाची पानं.

त्या जगात कोणीही नवी गोष्ट घालावी, पण तिचं पान लिहिलं पाहिजे. पानावर पाच प्रश्न छापलेले असत. काय, कधी, कशासाठी, कोणाच्या संमतीने, आणि आधी त्या जागी काय होतं. बाकीच्या तिघांना उत्तरं पटली की ते सह्या करत आणि पान पक्कं होई. पक्कं पान फाडायचं नाही, त्यातलं अक्षर खोडायचं नाही, कारण त्याच्या आधारावर दुसऱ्या कोणी पुढची पानं लिहिलेली असत. "भिंतीतली वीट काढायची नाही," प्राध्यापक म्हणत, "हवं तर वरून गिलावा द्या."

त्याला ती माडी फार आवडायची. शाळा कितवीपर्यंत झाली, हे तिथे कोणी विचारत नसे. कारण पटतंय का, एवढंच बघत.

नकाशात त्यांच्या देशावर अकरा लाल टाचण्या होत्या. समुद्रापलीकडच्या एका बलाढ्य मित्रराष्ट्राचे लष्करी तळ. टाचण्या दोन वर्षांपूर्वी प्राध्यापकांनी टोचल्या होत्या, नकाशा जरा भारदस्त दिसावा म्हणून. त्यांची पानं लिहायची राहूनच गेली होती.

"स्वतंत्र देश दुसऱ्याचं सैन्य उशाशी घेऊन का झोपेल?" एका रविवारी घड्याळवाल्या काकांनी विचारलं. "माझ्याकडे पाहुणा चार दिवस राहिला तर बायको भांडी आपटायला लागते."

वकीलबाई हसल्या. "त्यासाठी करार असतो, काका. करार मी लिहिते. शंभर वर्षांचा भाडेपट्टा, दोन्ही देश खूश."

"कागदावर ठीक आहे हो. जमिनीवर काय?"

"जमिनीचं जाळीवाला बघेल," प्राध्यापक म्हणाले. "त्याला कुंपणं कळतात. काय रे? एक तळ असा लिही की वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा इथे असणारच होता. एक पक्का झाला की बाकीचे दहा त्याच साच्यातून काढू."

आजवर त्याला कोणी कसलं काम असं नाव घेऊन सोपवलं नव्हतं. तो नुसती मान हलवत राहिला.

२

लिहायचं तर खोटं लिहायचं नाही, अशी त्याची भाबडी समजूत होती. म्हणून त्याने खरी जागा घेतली. गावाच्या टोकाला ताई राहायची, तिथे अठरा बैठ्या घरांची एक रांग होती. तिला सगळे मागची ओळ म्हणत. ओळीच्या मागे, आणि एका टोकापलीकडेही, मोठा सपाट माळ. गुरुवारी कारखाना बंद असे. त्या गुरुवारी तो माळ पावलांनी मोजायला लागला.

ताई दारात येऊन उभी राहिली. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. ती शाळेचे गणवेश शिवायची. नवरा वारल्यावर त्या एका यंत्रावर तिने स्वतःला उभं केलं होतं, आणि त्याआधी, आई गेली तेव्हा, याला.

"मुक्या, ऊन डोक्यात गेलं काय रे?"

"मंडळाचं काम आहे."

"त्यातून मिळतं काय?"

"काही नाही."

"म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या."

त्याला हसू आलं. "ताई, या वेळी खरंच लष्कराच्याच आहेत."

माळ तीन हजार साठ मीटर भरला. घड्याळवाल्या काकांनी बजावलं होतं की जड विमानाला तीन हजार दोनशे मीटरची धावपट्टी लागते, एक मीटर कमी चालणार नाही. एकशे चाळीस मीटर कमी पडत होते. तेवढे मीटर ओळीच्या बाजूलाच होते. त्यात अठरा घरं अंगणांसकट बसत होती.

दोन संध्याकाळी तो पेन घेऊन बसून राहिला. मग स्वतःलाच म्हणाला, अरे, कागद तर आहे. आणि पाचव्या प्रश्नापुढे त्याने लिहिलं, 'ओसाड माळ. वस्ती नाही.'

बाकीची उत्तरं भराभर आली. कुंपणाची उंची, खांबांमधलं अंतर, जाळीची वीण, वर काटेरी तारेचे तीन पदर. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी इंजिनांची तपासणी, अकरा मिनिटं. आणि 'कशासाठी' या प्रश्नापुढे तर त्याने जीव ओतला. तळ आला म्हणून रस्ता आला, रस्ता आला म्हणून दवाखाना आला. शत्रूने पुन्हा या बाजूला बघितलं नाही. आपल्या मुलांना बंदूक उचलावी लागली नाही, कारण दुसऱ्या कोणाच्या मुलांनी ती उचलली. लिहिता लिहिता त्याला ते पटत गेलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला फार दूरवरचं दिसतं. उंटाच्या पायाखाली काय आलं, तेवढंच दिसत नाही.

रविवारी प्राध्यापकांनी पान मोठ्याने वाचलं. पाचव्या उत्तरावर ते थांबले आणि म्हणाले, "वा. सुटसुटीत."

तिघांनी सह्या केल्या. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो घरी निघाला तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते.

३

पुढच्या गुरुवारी तो ताईकडे जेवायला गेला. जेवण झालं, ती पुन्हा यंत्रावर बसली, तो शेजारी काजांचे दोरे कापत बसला. खोलीत निळ्या कापडाचे गठ्ठे, खिडकीतून आलेलं ऊन, यंत्राची टकटक. अशा दुपारी त्याला कुठेही न मिळणारी शांतता मिळायची.

चारच्या सुमारास ताईने यंत्र थांबवलं. सुई कापडात तशीच ठेवून दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली. फाटकापाशी आगगाडी जाईपर्यंत माणूस थांबतं, तशी.

"काय झालं?"

"होऊ दे ना."

मग तो आवाज आला. आधी पायांना कळला, मग कानांना. खालच्या फरशीतून काहीतरी वर चढत होतं. टेबलावरची कात्री थरथरत थरथरत कडेला आली आणि ताईने न बघताच तिच्यावर तळवा ठेवला. विमान जाताना आवाज येतो आणि सरकत जातो. हा सरकत नव्हता. एका जागी उभं राहून कोणीतरी प्रचंड ताकदीने दात चावत होतं.

तो मागच्या दाराने बाहेर धावला. माळ रिकामा होता. ऊन होतं, वारा मुळीच नव्हता. फक्त वाळलेलं गवत सगळं एका बाजूला आडवं झालं होतं, आणि आडवंच राहिलं होतं.

त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं. आवाज थांबला तेव्हा चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती. गवत उठून उभं राहिलं.

आत यंत्र सुरू झालं होतं.

"ताई, हे काय होतं?"

"काय म्हणजे? रोजचंच आहे."

"कधीपासून?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "असं काय करतोस? लहानपणी तू याच आवाजात झोपायचास. बंद पडला की रडायचास."

घरी जाताना त्याने स्वतःची समजूत घातली. पलीकडे कुठे वीजघर असेल. खडी फोडायचं यंत्र असेल. ताईची झोप होत नाही, माणूस काहीबाही बोलतं. चार-दहाचं काय, जगात रोज चार वाजून दहा मिनिटं होतातच. हे सगळं त्याला पटलं. कारणं पटवून घ्यायची त्याला आता सवय लागली होती.

४

त्यानंतरच्या गुरुवारी त्याने घरं मोजली. सतरा.

पुन्हा मोजली. ओळीच्या माळाकडच्या टोकाला चष्मेवाल्या काकू राहायच्या. त्यांच्या पायरीवर बसून त्याने लहानपणी पाढे पाठ केले होते, चुकला की काकू चष्म्यावरून बघायच्या. तिथे आता सतराव्या घराची भिंत होती. चुना लावलेली, सरळ, एकही खिडकी नसलेली. घर पाडलं तर शेजारच्या भिंतीवर खुणा राहतात, फळीच्या, खिळ्यांच्या. इथे काही नव्हतं. भिंतीशी उगवलेलं गवतसुद्धा जुनं होतं.

"काकू कुठे गेल्या?"

"कोण काकू?"

"चष्मेवाल्या. शेवटच्या घरातल्या."

ताईने सुईत दोरा ओवला. "तिथे कधी कोण राहत होतं?"

तिच्या समोरच्या सुयांची डबी म्हणजे चष्म्याचं जुनं घर होतं. त्याने ते उचलून तिच्यापुढे धरलं. "मग हे कोणाचं?"

"माझं."

"तू चष्मा लावत नाहीस."

ताई थबकली. क्षणभर तिच्या कपाळावर आठी उमटली, हरवलेलं नाव आठवायला लागल्यासारखी. मग आठी विरली. "सुयांना बरं पडतं," ती म्हणाली. "आता उगाच पराचा कावळा करू नकोस."

तो माळाकडे गेला. सतराव्या घराच्या पुढे वीस पावलांवर कुंपण उभं होतं. मागच्या आठवड्यात नव्हतं. आता खांबांच्या बुडाशी गंज चढला होता. त्याच्या पानातलीच उंची, त्याच्या पानातलीच वीण, वर तीन पदर. त्याने खाली वाकून जाळीची टोकं चाचपली आणि हात झटकन मागे घेतला.

जाळी विणणारा प्रत्येक जण टोकं उजवीकडे दोनदा पिळतो. याच्या उजव्या अंगठ्याचं पेर सहा वर्षांपूर्वी यंत्रात गेलं, तेव्हापासून तो डावीकडे अडीच पीळ देतो. कारखान्यात त्यावरून त्याची थट्टा चालते. कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नजर पोहोचेल तिथवर, प्रत्येक टोकाला डावीकडे अडीच पीळ होते.

हे काम त्याने केलेलं नव्हतं. एवढ्या जाळीची टोकं पिळायला त्याला तीन वर्षं लागली असती.

जाळीपलीकडे कोणी नव्हतं. पण तो उभा होता त्याच्या बरोबर समोर, पलीकडच्या मातीत, बुटांचे दोन ठसे होते, टाचा जुळवलेल्या, टोकं त्याच्याकडे. बघता बघता त्यातला एक ठसा जरासा खोल झाला. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतल्यासारखा.

५

रविवारी तो माडीवर गेला तेव्हा ओळीत नऊ घरं उरली होती. ताईचं नववं होतं. म्हणजे आता तेच टोकाचं होतं; घाबरून त्याला धड मोजताही येत नव्हतं. त्याने चपला न काढताच बोलायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा तो सलग बोलला. आवाज, काकू, ठसे, अडीच पीळ. शेवटी म्हणाला, "ते पान फाडा."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"बस आधी," प्राध्यापक म्हणाले. "पाणी घे."

"पाणी नको, सर. पान फाडा. तिथे वस्ती आहे. मी खोटं लिहिलं."

"अरे, तू छान लिहिलंस. फार खोलवर गेलास, म्हणून असं होतं. मलाही कधी कधी त्या जगातली स्वप्नं पडतात."

"माझी बहीण राहते तिथे."

"ती जागा इथली. आपला तळ तिथला," वकीलबाई समजुतीने म्हणाल्या. "आणि हे बघ, त्या पानावर माझा करार उभा आहे. करारावर बाकीचे दहा तळ. सगळं खाली येईल. दोन वर्षांचं काम आहे चौघांचं."

"धावपट्टी आखूड करा मग. काका, तुम्ही सांगा."

घड्याळवाल्या काकांनी खिशातलं भिंग काढून उगाचच पुसलं. ते मनाने वाईट नव्हते. "मी तरी काय सांगू? तीन हजार साठवर ते विमान उतरत नाही. कोणी वाचलं तर हसतील आपल्याला."

त्याच्या डोक्यात सणक गेली. चार भिंती, एक पंखा, बशीत अर्धवट खाल्लेली बिस्किटं. इथे बसून ही माणसं एका विमानाची चिंता करत होती, जे कुठेच नव्हतं. आणि त्या विमानाला पाय ठेवायला जागा हवी म्हणून एक बाई पायरीसकट पुसली गेली होती. त्याने टेबलावर मूठ आपटली. बशी उडाली. "माणसं आहेत ती," तो ओरडला. "तुमची बायको भांडी आपटते ना, काका? माझी ताई आपटत नाही. तिला आठवतच नाही कोणी काय नेलं ते."

काकांनी बशी उचलून पुन्हा जागेवर ठेवली. मग वकीलबाईंनी एक कोरं पान पुढे ओढलं.

"वीट काढता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण गिलावा देता येतो. आपण एक जोडपान लिहू. माळाच्या कडेला काही थोडी कुटुंबं होती. त्यांना योग्य मोबदला देऊन, त्यांच्या संमतीने, दुसरीकडे हलवण्यात आलं. म्हणजे तुझी बहीण त्या जगात आहे. होती असं नाही, आहे. झालं समाधान?"

"आणि तळही राहिला," प्राध्यापक म्हणाले. "फार माणुसकीचं होईल ते. खरं तर हे आधीच सुचायला हवं होतं."

वकीलबाईंचं अक्षर सुंदर होतं. ओळीमागून ओळ उमटत गेली. सर्वांच्या हिताचं आहे हे ओळखून रहिवाशांनी आनंदाने होकार दिला.

"त्यांना विचारायला नको?" तो म्हणाला. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या होत्या.

"कोणाला?"

"राहणाऱ्यांना."

"अरे राजा," प्राध्यापक प्रेमाने म्हणाले, "आपणच लिहिलेल्या माणसांना कसं विचारणार?"

दोघांच्या सह्या झाल्या. तिसरी त्याची हवी होती. चार वाजायला आले होते. सही नाही केली तर गुरुवारपर्यंत ओळच राहणार नव्हती. केली तर ताई निदान कुठेतरी असेल. दोन्ही वाटा त्यांनीच आखलेल्या होत्या, आणि तिसरी मागायची तर त्याला कारण देता येत नव्हतं.

त्याने सही केली. तिघांनाही हायसं वाटलं. काकांनी बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली.

६

सोमवारी त्याने कारखान्याला दांडी मारली आणि भर दुपारी मागच्या ओळीत गेला. नऊच्या नऊ घरांची दारं सताड उघडी होती. प्रत्येक दारासमोर गाठोडी. माणसं बाहेर जायच्या कपड्यांत शांत उभी होती, केस विंचरलेले, तोंडं रस्त्याकडे. कोणी रडत नव्हतं, कोणी कुरकुरत नव्हतं. ओळीत एवढी शांतता त्याने कधीच ऐकली नव्हती. इथे नळाच्या पाण्यावरून रोज जुंपायची.

ताईने एक मोठी पत्र्याची पेटी दाराबाहेर आणून ठेवली होती. दोन्ही बाजूंना कड्या असलेली, आईची.

"आलास? बरं झालं. ही एकटीने उचलत नाही."

"कुठे चाललीस?"

"हलवतायत ना आम्हाला. योग्य मोबदला मिळालाय."

मोबदला हा शब्द त्याने तिच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. "तुला कोणी विचारलं?"

"मीच हो म्हटलं. आम्ही आनंदाने होकार दिला. सर्वांच्या हिताचं आहे हे ओळखून."

"ताई, हे तू बोलत नाहीयेस."

"मग कोण बोलतंय? तू?" ती फिस्कारली. "मला अक्कल नाही? माझं घर आहे, मी सोडेन नाहीतर जाळेन. तू कोण मला शिकवणारा, दोन अक्षरं लिहिता यायला लागली म्हणून?"

हा राग खरा होता, तिचाच होता, आणि तोसुद्धा मंडळाच्याच बाजूने उभा होता. एखाद्याचं घर घ्यावं, हे एक वेळ समजू शकतं. पण देताना त्याच्या तोंडावर आनंद लिहून ठेवावा? त्याला त्या सुंदर अक्षराची, त्या पंख्याची, त्या बिस्किटांची, स्वतःच्या सहीची एवढी किळस आली की तो भिंतीला धरून उभा राहिला.

"बरं," तो म्हणाला. "कुठे हलवतायत, तेवढं सांग."

"अरे, ते हे..." ताई म्हणाली.

आणि थांबली. तिचं तोंड उघडं होतं. ती शब्द शोधत होती, जिना संपला आहे हे न कळून पुढची पायरी शोधणाऱ्या पावलासारखी. तिच्या डोळ्यांतून दुपारचं सगळं ऊन निघून गेलं. पुढच्या दारातला माणूस, त्याच्या पुढच्या दारातली बाई, सगळ्यांनी हळूच माना वळवल्या. सगळ्यांची तोंडं तशीच अर्धवट उघडी होती.

दुसरीकडे, एवढंच लिहिलं होतं. कुठे, हा प्रश्न पानावर छापलेलाच नव्हता.

"मुक्या," ताई अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला आठवत का नाहीये रे?"

त्याने पेटीची एक कडी धरली. "धर तिकडून. माझ्याकडे चल."

"तुझ्या त्या एका खोलीत?"

"हो."

"तारेचा वास येतो तिथे. आणि तू घोरतोस."

"बोलत राहा. धर."

तिने उजवीकडची कडी धरली. पेटी उचलली गेली. अंगणातून ते रस्त्यावर आले, ओळीतल्या उभ्या माणसांसमोरून चालत गेले. त्याने त्यांनाही हाका मारल्या, "चला, माझ्यामागून चला," पण कोणाचा पाय हलला नाही. मागे बघायचा त्याला धीर झाला नाही.

ओळ संपते तिथे रस्त्यावर एक आडवा दांडा होता आणि शेजारी पहाऱ्याची चौकी. आत एक शिपाई होता. परका, विशीतला, उन्हाने लाल झालेला, मानेवर घामोळं. त्याला बघून याचे कान तापले, कारण त्या पोराच्याही कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शिपाई लगबगीने बाहेर आला. शिकवलेलं, सांभाळून जोडलेलं मराठी बोलला.

"नमस्कार. आपल्याला मदत हवी आहे का?"

"नको."

शिपायाने पेटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. "एवढं मोठं सामान," तो म्हणाला, "आणि आपण एकटेच उचलत आहात?"

त्याने उजवीकडे पाहिलं नाही. पेटी सरळ होती. त्याच्या हातावर अर्धंच वजन होतं, अर्धं पलीकडे कोणीतरी पेलत होतं.

"एकटा नाही," तो म्हणाला. "बहीण आहे माझी." आवाज सगळ्या रस्त्यावर ऐकू गेला. "गणवेश शिवते. डावा गुडघा दुखतो तिचा. इथेच राहत होती, त्या घरात, माझ्या वयाहून जास्त वर्षं. तिने होकार दिला नाही. ऐकलंस? लिहून घे. दिला नाही."

शिपायाच्या हातात वही होती. तो ओशाळून हसला, त्याला बहुधा सगळं कळलं नव्हतं. त्याने वहीत एक छोटीशी रेघ ओढली. एकच. मग दांडा वर केला.

ते दांड्याखालून गेले.

"ताई, बोल," तो म्हणाला. "शिव्या दे. मी घोरतो म्हण."

"घोरतोसच," ती म्हणाली, किंवा त्याच्या पायाखालची खडी वाजली.

खोली अजून पाऊण तासाच्या वाटेवर होती. कडी बोटांत रुतली होती. चालता चालता त्याला वाटलं, पेटी जराशी, अगदी बोटभर, उजवीकडे कलली आहे. त्याने दात आवळले, खांदा वर ओढला, मान सरळ समोर ठेवली आणि पावलं झपाझप टाकायला लागला.

"ताई," तो म्हणाला. "पुढचं वळण डावीकडे आहे. जपून."